मांडीचा संक्षिप्त इतिहास

इतिहास हा विषय मी दहावीनंतर सोडला. कॉमर्सवाल्याला त्याचा काय उपयोग, असा तेव्हा समज होता. पुढे बँकेत चिकटल्यावर कळलं की, कर्ज मागायला आलेल्या माणसाचा भूगोल पाहिला नाही तरी चालतो, इतिहास मात्र पाहावाच लागतो. पण तो दुसऱ्याचा! स्वतः बसून इतिहासावर निबंध लिहायची पाळी माझ्यावर आणली ती माझ्या भाच्याने. भाचेबुवांचं वय महिने आठ, वजन आठ किलो दोनशे ग्रॅम. (वजन लक्षात असू द्या, पुढे हिशेबाला लागणार आहे.)

झालं असं की, धाकटी बहीण बाळाला घेऊन पुण्याहून माहेरी चंद्रपूरला आली. गडचिरोलीकडे आमची एक आत्या असते, वय पंच्याऐंशी. तिला बाळ दाखवायला आपल्या गाडीनेच जाऊ, असं मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं. त्याच रात्री जावईबापूंचा फोन आला.

"दादा, गाडीत कारसीट आहे ना?"

"आहे म्हणजे काय! चांगल्या पाच आहेत. मागच्या सीटला गेल्या दिवाळीत नवीन कव्हरही घातलंय."

पलीकडे काही क्षण शांतता. मग त्यांनी समजावून सांगितलं की, कारसीट म्हणजे गाडीतली सीट नव्हे, तर गाडीतल्या सीटवर बांधायची बाळाची सीट. तिच्याशिवाय बाळाला गाडीत बसवायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम. जावयाचा नियम म्हणजे रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. समजलं नाही तरी पाळायचं असतं.

पण आमच्या घरची रिझर्व्ह बँक वेगळी आहे. ती स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काऊन रे, माह्या मांडीले काय झालं?" आई म्हणाली. "तुले याच मांडीवर वाढवलं ना मी. पडला का कधी?"

हा सवाल बिनतोड होता. माझा जन्म १९८० चा. तेव्हा चंद्रपूर नि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारने गडचिरोली वेगळा काढला आणि आमची आत्या बसल्या जागी परजिल्ह्यात गेली. तिला भेटायला जायचं तर एसटी. त्या एसटीत मी आईच्या मांडीवर, माझ्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत आत्यासाठी काहीतरी सांडणारं, अशी आमची चढती भाजणी असे. मांडीवरच्या पोराला तिकीट नव्हतं. या देशातलं सगळ्यांत मोठं सार्वजनिक वाहन एसटी नव्हे नि रेल्वेही नव्हे. ते मांडी! पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही आणि जागा नाही म्हणून कुणाला कधी खाली उतरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हा प्रश्न शाखेत मांडला. बँकेत कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळतं, फक्त बँकेचा नसावा लागतो. एकाने सुचवलं, साडीची झोळी करून मागच्या सीटवर टांगा. दुसऱ्याने सांगितलं, उशी ठेवा दोन्हीकडून. कॅशियरने तर मेव्हण्याची जुनी कारसीट फुकट देऊ केली. "थोडासा पट्टा फाटला आहे, आन् एकदा गाडी ठोकली होती तेव्हा त्यातच होती, पण मजबूत आहे जी. काहीच नाही झालं तिले!"

फुकटची वस्तू नाकारणं मला जड जातं. पण घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं की, अपघातातून निघालेली सीट पुन्हा वापरायची नसते. धक्का सोसताना आतलं प्लॅस्टिक तडकलेलं असू शकतं आणि ते वरून दिसत नाही. शिवाय सीटला वापराची मुदतही असते, ती तिच्या अंगावरच छापलेली असते. म्हणजे माणसाचा सिबिल पाहतो तसा सीटचाही पाहावा लागतो. जिचा इतिहास ठाऊक नाही, ती दारात घ्यायची नाही. मी कॅशियरला तसं कळवलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण फाटक्या नोटा तो तरी कुठे घेतो?

असा मी वाचत गेलो आणि इतिहासात शिरलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. बाळाच्या सामानाचा सगळा इतिहास हा मुळात बाळाचा नाहीच, मोठ्या माणसांच्या मांडीचा आहे. मांडी मोकळी कशी होईल, एवढाच पिढ्यान्‌पिढ्यांचा ध्यास!

आमच्याकडे धानाच्या रोवणीला बाया बांधीत उतरल्या की, पोर बांधावरच्या झाडाला झोळीत लटकतं. मांडी नाही, निदान हात तरी मोकळे. घरात पाळणा. त्याची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला आणि हात तांदूळ निवडायला. (जाता जाता सांगतो, पाळण्यात निजणाऱ्या बाळाच्या गळ्यात दोरा-ताईत नको, तो कुठे अडकला तर फास बसतो. हे आईला सांगितलं तेव्हा तिने ताईत काढून दंडाला बांधला. दृष्टीचाही बंदोबस्त झाला नि गळ्याचाही.)

साहेबाकडे तर मांडीपेक्षा बकरी बरी, असा विचार झाला. १७३३ साली इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या कलावंताने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती ओढायला बकरी किंवा छोटं तट्टू. बाबागाडीची ही आजी. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंजिनियरने छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढली. हा गृहस्थ पूर्वी स्पिटफायर विमानाची चाकं कशी मिटवायची, या कामावर होता. लढाऊ विमानाची विद्या शेवटी आजोबा झाल्यावर नातीच्या कामी आली. आमच्या रस्त्यांवर मात्र ती गाडी चालवून पाहावी. चंद्रपुरात जटपुरा गेटापाशी संध्याकाळी बाबागाडी नेणाऱ्या बापाला मी स्पिटफायरच्या वैमानिकाइतकाच मान देईन.

मग पांगुळगाडा. लाकडाचा, तीन चाकांचा. पोर त्याच्यामागे उभं राहतं नि त्याला ढकलत चालतं. थकलं की बसतं. हल्ली बाजारात मिळतो तो गोल वॉकर निराळा. त्यात पोर मधोमध लोंबकळतं आणि पाय टेकताच सुसाट सुटतं, पायरी दिसली की थेट खाली. कॅनडाने २००४ साली असे वॉकर विकायलाच बंदी केली. आपला पांगुळगाडा पोराच्या पायांच्या वेगाने जातो, वॉकर पोराला आपल्या वेगाने नेतो. तारणाने कर्जदाराला ओढत नेलं तर जे होईल, ते होतं.

आता कारसीट. ही तरी बाळाच्या भल्यासाठी जन्मली असेल असं मला वाटलं होतं. छे! अमेरिकेत १९३० च्या दशकात मुलांसाठी गाडीत अडकवायच्या खुर्च्या निघाल्या त्या एवढ्याचसाठी की, पोर जागेवर राहावं, त्याला खिडकीतून बाहेर दिसावं आणि बापाला सुखाने गाडी हाकता यावी. म्हणजे पुन्हा मांडीच मोकळी! बाळ वाचावं हा विचार सुचायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाचे प्राध्यापक होते. जेमिनी यानातले अंतराळवीर ज्या तऱ्हेने पाठीवर भार घेऊन बसत, त्यावरून त्यांना सुचलं की, बाळालाही गाडीत उलटं बसवावं, तोंड मागे नि पाठ पुढे. १९६४ साली वोल्वो गाडीत तशी आसनं तपासून पाहिली. कारण साधं आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि मान अगदी कोवळी. तोंड पुढे असेल तर धक्क्याला डोकं पुढे झेपावतं आणि सगळा भार मानेवर येतो. उलटं बसवलं की तोच भार पाठ, मान, डोकं मिळून वाटून घेतात. एका खात्यावरचा बोजा तीन खात्यांत.

आणि याच इतिहासात मला आईच्या सवालाचं उत्तर सापडलं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी खटपट करून लहान मुलांच्या सीटचा कायदा करवून घेतला. १९७८ साली तो लागू झाला, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिलावहिला. पण मंजूर होताना त्यात आमदारांनी एक सवलत घुसवली : पोर मोठ्या माणसाच्या मांडीवर, हातात धरलेलं असेल तर चालेल. म्हणजे टेनेसीच्या आमदारांनाही आया होत्या. जाणकारांनी त्या सवलतीचं नाव ठेवलं 'पोर चिरडणारं कलम'. १९८१ साली ते कलम काढून टाकावं लागलं.

चिरडणारं का? इथे कॉमर्स कामी आलं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर माणसाचं वजन तेवढ्यापुरतं चौदा पटींनी वाढल्यासारखं होतं. भाचेबुवांचे आठ किलो दोनशे ग्रॅम गुणिले चौदा, म्हणजे जवळपास एकशे पंधरा किलो. एक क्विंटल धानाचं पोतं आणि वर शेजारच्याचं पंधरा किलो! ते आईने दोन हातांत डोळ्यांचं पातं लवायच्या आत तोलून धरायचं. आणि आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर आईचंही वजन चौदा पटींनी त्याच पोरावर. एवढं व्याज सावकारही लावत नाही.

आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालचं मूल गाडीत पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. फटफटीसाठीही २०२२ साली नियम आला आणि पुढच्या वर्षापासून लागू झाला : चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याच्या डोक्याला हेल्मेट, वेग ४० च्या आत. आमच्या लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मी पुढे उभा, बहीण मध्ये आणि आई मागे एकांगी बसलेली असे. आम्ही वाचलो, म्हणून ती पद्धत बरोबर होती, असं आई म्हणते. जे वाचले नाहीत, ते काही म्हणायला येत नाहीत.

शेवटी मी दुकानात गेलो. दुकानदाराने आधी कापड किती मऊ आहे ते दाखवलं, मग दुधाची बाटली ठेवायची जागा दाखवली. मी विचारलं, "कोणत्या वजनापर्यंत?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही गुलाबी घ्या की निळी, वजन सारखंच आहे." तेव्हा मीच सीट उलटी करून चिठ्ठी वाचली. वय पाहायचं नसतं, बाळाचं वजन नि उंची पाहायची असते. चिठ्ठीवर आपल्याकडचं एआयएस ०७२ किंवा युरोपातलं आर ४४ वा आर १२९, असं कुठलंतरी मानक छापलेलं हवं. आणि आपल्या गाडीत ती बसते की नाही हे विकत घेण्याआधी पाहायचं. मी तिथेच दुकानासमोर बसवून पाहिली. रहदारी दोन्ही बाजूंनी तुंबली, पण सीट बसली.

घरी आल्यावर पक्की बसवायला दोन तास लागले. पुस्तिका मी एका हातात धरली होती नि पट्टा दुसऱ्या, म्हणजे ओढायला हातच नाही. मागच्याच सीटवर बसवायची. पुढे एअरबॅग असते. एरवी ती माणसाला वाचवते, पण फुगताना उलट्या सीटच्या पाठीवरच आदळते. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी गुडघा टेकवून, सगळा भार देऊन पट्टा आवळला. एव्हाना आळी जमली होती.

"उलटी काऊन लावली जी? पोराले समोरचं दिसन कसं?"

मी अंतराळवीर सांगितले. सगळे गंभीर झाले. तेवढ्यापुरती आमच्या आळीत माझी प्रतिष्ठा वाढली.

निघायच्या दिवशी डिसेंबरची थंडी. आईने भाचेबुवांना स्वेटर, त्यावर कानटोपी, त्यावर दुपटं असं गुंडाळून आणलं. त्या गाठोड्याला पट्टे लावले असते तर दुपटं बांधलं गेलं असतं, पोर आत मोकळंच. म्हणून बहिणीने सगळं उतरवलं, पट्टे खांद्याच्या रेषेला किंवा जरा खालून घेतले, कॉलरच्या हाडापाशी चिमटीत पट्टा येत नाही इतके आवळले आणि मग वरून दुपटं पांघरलं. आई पाहत होती. "आरोपी आहे का तो?" एवढंच म्हणाली आणि बाळाच्या शेजारी जाऊन बसली. तिलाही मी पट्टा लावला. आता दोघंही आरोपी. मोकळ्या झालेल्या मांडीवर तिने आत्यासाठीचा डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेतला. मांडी रिकामी ठेवायची तिला सवयच नाही.

लोहारा गेलं, चिचपल्ली गेली. मूल रस्त्याला दोन्हीकडून जंगल आहे. वेग कमी ठेवा, वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, अशा पाट्या आहेत. पाट्या आपण वाचतो. रानडुकरं वाचत नाहीत. पन्नासच्या आत-बाहेर असेन. डावीकडून एक डुकरीण आणि तिच्यामागे पिल्लांची रांग निघाली. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

गाडी थांबली. डुकरीण थांबली नाही. पिल्लंही गेली. कुणाला काही झालं नाही, अपघात नाही, ओरखडा नाही. फक्त आईच्या मांडीवरचा डबा आता तिच्या मांडीवर नव्हता. तो आमच्या दोघांच्या सीटांमधून येऊन समोर आदळला होता, झाकण माझ्या पायाशी आणि लाडू सगळीकडे. भाचेबुवा झोपेतच होते. तोंड मागे, पाठ पुढे, अंतराळवीरासारखे.

मूल येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मूलच्या स्टँडपाशी चहाला थांबलो, तेव्हा कपाकडे पाहत हळूच म्हणाली,

"डबा मी दोन्ही हातांनी धरला होता रे."

मी काही बोललो नाही. एवढ्या वर्षांत आईशी वाद जिंकण्याची ही पहिलीच वेळ आणि मला ती मुळीच आवडली नाही.

सावली गेली, व्याहाड गेलं, वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागे टाकली. आत्याचं गाव धानोरा रस्त्याला आहे. आत्याने आधी बाळ पाहिलं, मग बाळाची खुर्ची पाहिली, चारी बाजूंनी हात फिरवला. मला वाटलं, आता हीपण मांडीच्या बाजूने बोलणार. पण ती म्हणाली, "आमच्या गावात थैली होती. लेकरू त्यात घालत होते."

ही थैली मला ठाऊक होती, पण ती आत्याच्या घरातून गेली आहे हे ठाऊक नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. याच धानोरा रस्त्यावर त्यांचं शोधग्राम आहे. खेड्यात बाळं घरीच जन्मत आणि कित्येक महिन्याच्या आतच जात. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले भरलेले. तेव्हा त्यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांच्या पेटीत होतं काय? वजनाचा काटा, थर्मामीटर, श्वास देण्याची नळी नि मुखवटा, इंजेक्शन आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी शिवलेली थैली. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेजारी एका मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर बाळाला न्यूमोनिया. ३९ गावांत हे काम झालं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकातल्या नामांकित पत्रात त्याचा निष्कर्ष छापून आला : शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ साली सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घ्यायचं ठरवलं.

आत्याचा एक नातू त्या थैलीतला. जन्मला तेव्हा दीड किलोच्या आसपास. आरोग्यदूत बाई रोज यायची, काट्याला लावायची, अंग गरम आहे का पाहायची, नि आत्याला पुन्हा पुन्हा सांगायची की आंघोळ घालू नका, उघडं ठेवू नका. आत्याने आधी तिला हाकललं होतं. "माह्या हातानं दहा लेकरं नहाली, आन् ही कालची पोरगी मले शिकवते!" पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तो नातू आज ट्रॅक्टर चालवतो. त्या थैलीत आता त्याचा एक पाय जेमतेम मावेल.

आई हे सगळं ऐकत होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला नीटसं सांगता येणार नाही. आपल्या हातांवर जन्मभर विश्वास ठेवलेल्या दोन बाया होत्या त्या. कुणीतरी येऊन नम्रपणे सांगितलं होतं की, हात चांगले आहेत, पण इथे पुरणार नाहीत. दोघींनीही ते ऐकलं होतं. एकीने तेव्हा, दुसरीने आज सकाळी.

परतताना मी पट्टे लावायला वाकलो, तर आईने मला बाजूला केलं. स्वतः लावले. कॉलरपाशी चिमूट घेऊन पाहिली, येत नाही म्हणाली. आत्याने दिलेल्या तांदळाची पिशवी तिने डिक्कीत टाकायला लावली. "मांडीवर नको," म्हणाली. रस्ताभर तिचा एक हात सीटच्या काठावर होता. तेवढ्याला कुठल्याच कायद्याची हरकत नाही.

घरी पोचलो तर भाचेबुवा पुन्हा गाढ झोपलेले. मी म्हटलं, राहू दे त्याला सीटमध्येच, कशाला उठवायचं? आईने माझ्याकडे असं पाहिलं की, मी पुस्तिकेचं पहिलंच पान वाचलं नसावं. खरोखरच नव्हतं वाचलं. त्यात लिहिलं आहे की सीट ही प्रवासापुरती. गाडी थांबली की झोपलेल्या बाळालाही काढून सपाट जागी निजवायचं, कारण अर्धवट बसल्या स्थितीत मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. आणि बंद गाडीत तर एक मिनिटही सोडायचं नाही. आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात ते कुणाला वेगळं सांगायला नको.

आईने ती पुस्तिका कधीच वाचलेली नाही. तिने पट्टे सोडले, पोर उचललं, ओसरीवर पाय पसरून बसली आणि मला म्हणाली,

"ठेव ती खुर्ची आत. गाडी थांबली की तिचं काम संपलं. आता मांडीच लागते."